जॅकेटची उजवी बाही

छोटे,

तुझं जॅकेट खुर्चीच्या पाठीवर ठेवलंय. उजवी बाही नवीन लावली आहे. त्याच ताग्यातलं कापड उरलं होतं, त्यामुळे रंगात फरक नाही. खांद्याशी शिवण जरा जाड झालीय, पण ती फक्त तुला आणि मलाच कळेल. मुलाखत अकराला आहे, दहाला तरी नीघ.

मी मुद्दाम लवकर दुकानात चालले आहे. तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही. लोकांचे कपडे शिवून पोट भरणारी बाई सख्ख्या बहिणीच्या जॅकेटवर कात्री चालवते, म्हणजे हद्दच झाली. काल संध्याकाळी तू खोलीचं दार लावून घेतलंस, मग मी तोंडावर गार पाणी मारलं, शंभरपासून उलटे आकडे मोजले, गल्लीच्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. तेव्हा कुठे डोकं शांत झालं. हे सगळं कात्री उचलायच्या आधी करायचं असतं, एवढीही अक्कल मला राहिली नव्हती.

न विचारता अर्ज केलास म्हणून मी ओरडले, पण राग त्याचा नव्हताच. तू दुसऱ्या गावी गेलीस की या घरात मी एकटी उरेन, याची धास्ती घेतली होती.

आईचा फोन आला तर खरं ते सांग, मला पाठीशी घालू नकोस. नोकरी मिळाली तर बिनधास्त जा. आणि पुन्हा कधी माझा आवाज चढला, तर रडत बसू नकोस. "ताई, जरा बाहेर जाऊन ये," एवढंच म्हण. मी मुकाट्यानं चपला घालून निघेन.

ताई