गिरडच्या पायथ्याशी नऊ गड्डे

बाबूजी, गेल्या आठवड्यात गिरडला जाऊन आले. टेकडीखालचं ते गोल्फचं मैदान आता राहिलं नाही, तिथे संत्र्याची बाग आहे. बागेच्या कुंपणाशी मी बराच वेळ उभी होते. चेंडू घालायचा तिसरा गड्डा कुठे असेल, याचा अंदाज घेत होते.

इंग्रज साहेबांनी आखलेलं ते मैदान त्यांच्यामागे सगळ्यांना खुलं झालं होतं. कारकून, मास्तर, कोणीही यावं आणि खेळावं. हिरवळ कसली, गड्ड्याभोवती जळकं तेल टाकून दाबलेली रेती असायची. पण फाल्गुनात टेकडीचा सगळा उतार पळसाने केशरी व्हायचा आणि वर दर्ग्याचा पांढरा रंग तेवढा वेगळा दिसायचा. तुम्ही तहसिलीत हेडक्लार्क. बदलून गेलेल्या साहेबाने दिलेल्या चार काठ्या जुन्या धोतरात गुंडाळून तुम्ही रविवारी सकाळच्या मोटरने निघायचात.

त्या वर्षी मी संक्रांतीला माहेरी आले ती परतलेच नव्हते. सासऱ्यांचं पत्र आलं होतं, होळीआधी पाठवा, नाहीतर कायमची ठेवून घ्या. आई रोज विचारायची, कधी जातेस. तुम्ही मात्र काहीच बोलत नव्हता. आणि एका रविवारी एकदम म्हणालात, "चाल माह्यासंगं, खेळून येऊ." मला वाटलं, घराबाहेर नेऊन समजूत घालणार.

तिसऱ्या गड्ड्यापाशी तुम्ही काठी माझ्या हातात देता. मी जमेल तशी मारते, चेंडू चार पावलं जाऊन थांबतो.

"अशी काय झाडू मारून राह्यली? हात वर घे. पुरता वर!"

"नाई जात वर."

"काऊन?"

"पडले होते."

"कुठं?"

मला जागा सुचली नाही, बाबूजी. विहिरीवर म्हणता आलं असतं, जिन्यात म्हणता आलं असतं. तुम्ही माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवलात आणि मी कळवळले. तुम्ही हात काढून घेतलात, काठी घेतलीत आणि पुढे चालू लागलात.

पुढचे दोन गड्डे तुम्ही वाईट खेळलात. एक चेंडू पळसात गेला, तो शोधलाही नाहीत. सहाव्या गड्ड्याच्या रेतीवर कोणाची तरी गाय बसली होती. तिला न हाकलता तुम्ही मोहाच्या झाडाखाली बसलात.

"जावयानं पिरगळला?"

"हो."

"पहिल्यांदाच?"

"नाई."

तुम्ही म्हणालात, "मंग तुले नाई जायचं. तुह्या सासऱ्याले मी आजच लिहितो."

"आणि आई?"

"तिले मी सांगतो."

आता आपल्याला रडू येईल असं मला वाटलं होतं. आली ती भूक. कित्येक दिवसांत अशी भूक लागली नव्हती. भाकर आणि ठेचा मी तुमच्या वाटचाही खाल्ला. मग उरलेले गड्डे आपण खेळलो. शेवटच्या रेतीवर मी एका हाताने हळूच ढकललेला चेंडू घरंगळत सरळ आत गेला, तेव्हा तुम्ही "गेला! गेला!" म्हणून असे ओरडलात की आजूबाजूची गुरं उधळली.

तुम्ही सासऱ्यांना काय लिहिलंत, ते मी कधी विचारलं नाही. तिकडून पुन्हा पत्र आलं नाही. मी वर्ध्याला शिकले, मास्तरीण झाले, माझं आयुष्य चांगलं गेलं. डावा हात अजून पुरता वर जात नाही. फळ्यावर मी उजव्या हाताने लिहीत आले, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

हे पत्र मी कपाटातच ठेवणार आहे. पण एक गोष्ट तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवी होती. त्या सकाळी निघण्याआधी मी ट्रंक भरून ठेवली होती. तुम्ही जा म्हणाला असतात तर मी दुसऱ्या दिवशी गेले असते. संध्याकाळी तुम्ही विहिरीवर पाय धूत होता, तेव्हा मी दार लोटून ती रिकामी केली.