खाट पडवीत न्यायची आहे

१९ जानेवारी २०२५, रविवार
आरतीचा काष्टीहून फोन. माहेरी जाऊन दोन महिने झाले तिला. आदळआपट नाही, रडारड नाही, एकच अट. आमच्या झोपायच्या खोलीतली आईची खाट पडवीत गेली पाहिजे. म्हणाली, खाट बाहेर गेली की कळवा, मी दुसऱ्या दिवशी हजर.
खोली ते पडवी दहा पावलं. पाच मिनिटांचं काम. उद्याच उरकून टाकतो.

२० जानेवारी
शाळेतून आलो तर आईचा गुडघा धरलेला. अशात खाट हलवणं बरं दिसत नाही. गुरुवार फायनल.
आरतीला बॅकग्राउंड माहीत नाही. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. त्याच महिन्यात झोपेत चालत पार प्रवरेच्या घाटापर्यंत गेलो होतो. तेव्हापासून आई पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधून झोपते. सेफ्टी म्हणून. आता छत्तीसचा आहे, मान्य. पण नंतर एकदाही चाललो नाही, म्हणजे उपाय लागू पडतोय.
लग्नाच्या पहिल्या आठवड्यात आरतीने ती गाठ पाहिली. तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. हे लिहायला नको होतं.

२३ जानेवारी, गुरुवार
आईने शिरा केला. शिरा खाऊन लगेच 'तुझी खाट बाहेर काढतो' कुठल्या तोंडाने म्हणणार? पोस्टपोन.

२६ जानेवारी
झेंडावंदन. पोरांपुढे स्वावलंबनावर भाषण ठोकलं. टाळ्या बऱ्या पडल्या. घरी आल्यावर आईने नखं काढून दिली, रविवारचं ते तिचंच काम. मला डाव्या हाताने जमत नाही. उजव्याने कधी ट्राय केलेलं नाही.

२९ जानेवारी
अमावस्या. आज सामान हलवत नाहीत. माझा विश्वास नाही, पण आईचा मान ठेवला.

१ फेब्रुवारी, शनिवार
झालं एकदाचं! शेजारच्या गोरक्षला हाक मारली. लोखंडी खाट, वर सागाच्या फळ्या. गोरक्षने एक कोपरा उचलून पाहिला न् म्हणाला, "मास्तर, एकट्याच्यानं ही जागची हलायची न्हाई. दोघंच लागत्यात." दोघांनी पडवीत नेऊन ठेवली.
वाटलं होतं, आई जेवण सोडेल. उलट तिने स्वतः गादी झटकली. एवढंच बोलली, "मला काय, मी कुटं बी झोपंन. तुला झोप यील का, बाळा?"
आरतीला फोन केला. उद्या पहिल्या गाडीने निघते म्हणाली, आणि हसली. दोन महिन्यांनी तिचं हसणं ऐकलं. मला भरून आलं. माणसाने मनावर घेतलं की सगळं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २
मध्यरात्र उलटली तरी डोळ्याला डोळा लागला नाही. आई बाहेर थंडीत कुडकुडत असेल, असं मनात आलं. खरं तर ते नंतर आलं. आधी हात नुसताच मोकळा मोकळा वाटत होता.
मी तिला उठवलं. उशाकडून आई, पायथ्याकडून मी. तिचा गुडघा अजिबात दुखत नव्हता.
उजाडायच्या आत परत बाहेर काढायची, असा प्लॅन होता. पण मेल्यासारखी झोप लागली. जाग आली तेव्हा आरती दारात उभी, हातात पिशवी. खाट आत. गाठही सोडायची राहिलेली.
खाट आत कुणी आणली, असं तिने विचारलं. मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "मीच आनली गं. गार लागत हुतं. त्याला बिचाऱ्याला म्हाईत बी न्हाई."
आरतीने पिशवी खाली ठेवली. खाटेचा पाय धरून उचलून पाहिला. हलला नाही.
"ही एकटीला उचलत नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली.
पाणीसुद्धा न पिता गेली. स्टँडपर्यंत सोडायला तरी जायला हवं होतं. मी गाठ सोडवत बसलो होतो. लाज वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार
आरतीला फोन करायचं रोज ठरवतोय. उद्या नक्की.
आईने नखं काढली. काल झोपताना म्हणाली, आता ऱ्हाऊ दे बाबा ते बांधनं, लोक हसत्यात. बरोबर बोलली. आणि कूस बदलून झोपायला लागली.
मीच हात पुढे केला.