शेवटची ठळक ओळ

४ मार्च, मंगळवार
सोनोग्राफी झाली. पोटावर थंडगार चिकट काहीतरी फासलं आणि यंत्र फिरवत बसली ती पोरगी. सगळा वेळ डोळे पडद्यावर. काय दिसतंय गं? — "आजी, ते डॉक्टर सांगतील." मग तुला पगार कशाचा!

५ मार्च
रिपोर्ट आला. सगळा इंग्रजीत. औषधांच्या दुकानदाराकडून वाचून घेतला. "लिव्हर नॉर्मल, डावी किडनी नॉर्मल, उजवीत सिस्ट." सिस्ट म्हणजे काय रे बाबा? "गाठीसारखं असतं. डॉक्टरांना विचारा." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. शेवटची ओळ राहिली, आणि तीच ठळक छापलेली. वीज तोडायची ताकीदही अशीच ठळक येते. चांगली बातमी कोण ठळक छापतं?
फोनवर आलेला रिपोर्ट लेकाला पाठवला. "आई, कामात आहे. वाचतो सावकाश." दोन वर्षं झाली घरी येऊन, सगळं सावकाशच चाललंय.

६ मार्च
एकटीपुरती भाजी करणं हाताला अजून जमत नाही. उरली. टाकली.

७ मार्च
लेकाचा फोन, आपणहून. म्हटलं, गाठ आहे म्हणे. "पुढच्या शनिवारी येतो. राहतो चार दिवस." घाबरला असणार. मीही घाबरलेय. पण त्याच्या पलंगावरची चादर बदलली.

१० मार्च, सोमवार
डॉक्टरीणबाई हसल्या. "पाण्याचा फुगा आहे तो, आजी. या वयात पुष्कळांना असतो. काही करायचं नाही. पोट दुखतंय ते गॅसनं." आणि ती ठळक ओळ? "तपासणीशी ताडून पाहा, असं आम्हा डॉक्टरांना सांगितलेलं असतं. सगळ्यांच्याच रिपोर्टवर असते ती."
म्हणजे ती मला उद्देशून नव्हतीच. मी आपली तिला उशाशी घेऊन झोपत होते.
दवाखान्याबाहेर बाकावर बसले. हायसं वाटलं, पण सांगायचं कुणाला? एक तोच. आणि त्याला सांगितलं की तो यायचा नाही.

१२ मार्च
फोन उचलला. ठेवला. नाही सांगत, जा!

१५ मार्च, शनिवार
आला. चहा पिताना मीच तोंड उघडलं — गाठबिठ काही नाही रे, पाणी आहे नुसतं.
"माहितीये. तू पाठवलास त्याच रात्री आमच्या डॉक्टरला दाखवला होता."
मग आलास कशाला, ते विचारलं नाही. शेंगा सोलायला दिल्या.