मापात न बसणारी मोटरसायकल

प्रिय आत्या,

आज जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ घरी आले होते. त्यांनी शर्यतीची एक जुनी मोटरसायकल घेतलीय आणि ती बनवणाऱ्याचा माग काढत ते बाबांपर्यंत पोचले. टेम्पोतून गाडी उतरली, तसा बाबांनी टाकीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"बसा ना, फोटो घेतो," ते गृहस्थ म्हणाले.

बाबा बसले, तर गुडघे हँडलला टेकले.

"एवढी लहान का बनवलीत हो?"

"बहिणीच्या मापाची आहे. सरळ पट्ट्यावर तिला कुणी गाठत नसे."

तू शर्यतीत पडलीस, बाबांनी घाबरून तुला न विचारता गाडी विकली आणि तू घर सोडलंस, हे मला आईने सांगितलं होतं. बाबांच्या तोंडून तुझा विषय मात्र आज पहिल्यांदा ऐकला.

"आता कुठे असतात त्या?"

बाबा माझ्याकडे वळले. "पत्ता आहे का गं?"

आईने जपलेला पत्ता मी दिला आणि तुला कळवावं म्हणून लिहायला बसले. पण बाबा बूट घालून निघालेसुद्धा, आता हे पत्र टपालात कशाला टाकू? दारात गाठून त्यांच्याच खिशात घालते. पोचतील तेव्हा भांड हवं तेवढं, पण त्यांना आत घे.

तुझी,
न पाहिलेली भाची