शुगरसारखाच आजार

५ जाने., रवि.
देवगाव रंगारीच्या विहारात वंदनेनंतर अर्धा तास बोलले. कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना फुटत नाही इतका घाम इथं फुटतो. नैराश्य म्हणजे वेड नव्हे, हे काही केल्या पटेना. मग नेहमीचं उदाहरण काढलं. शुगर असते ना, तसाच हा आजार. शुगरच्या गोळीची लाज वाटते का? माना डोलल्या. एक बाई उठल्या, सुमनबाई. "माझी ज्योती दीड वर्ष झालं गोळ्या खाती. आजवर कुणाला बोलले नाय. शुगरवानीच हाय म्हणल्यावर लपवायचं कशाला?" टाळ्या. मीही वाजवल्या. ज्योती मागं बसलेली, मान खाली. लाजली असेल.
मुकुंदवाडीला घरी पोचेपर्यंत स्वतःवर खूष.

९ जाने.
तेच उदाहरण आवाजात रेकॉर्ड करून गावांच्या ग्रुपांवर टाकलं. "मॅडम, एका वाक्यात समजलं." आणखी काय पाहिजे.

२१ जाने., मंगळ.
सुमनबाईंचा फोन. ज्योतीची सोयरीक मोडली. शुक्रवारी गुलमंडीत लग्नाचा बस्ता बांधायचा होता. मुलाच्या मामांचा निरोप: "शुगर म्हंजी जलमभराचं दुखणं. लेकराबाळांत उतरतं. आमाला नगं." वर माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं त्यांना. "मॅडम, तुमी खोटं बोलल्या व्हय?"
आणि ज्योतीनं पाच दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात. म्हटलं, आधी गोळ्यांचं बघू, उद्या येते.
जेवण गेलं नाही. शुगर म्हणजे गावातल्या घरांत काय असतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पाय कापलेली आजी, मग बाप, मग काका. मी फक्त मनातली लाज दूर करायला निघाले होते. किती वर्षं हेच उदाहरण देतेय, आणि टाळ्या घेतेय!

२२ जाने.
ज्योती दारातच. चहा दिला, बसली नाही.
"आईनं बोलायच्या आधी मला कुणी इचारलं का? तुमी बी टाळ्या वाजवल्या."
वडील अपघातात गेले, तेव्हापासून तिला हा त्रास. हे मला आज कळतंय. मुलाकडं जाऊन समजावते म्हणाले, तर म्हणते, "नगा जाऊ. अजून कायतरी समजून सांगाल."
बरोबर आहे तिचं. फार लागलं.
पण डॉक्टरकडं यायला तयार झाली. सुमनबाई तेवढ्यावरच रडल्या.

२३ जाने.
शहरात तिच्या डॉक्टरांकडं तिघी. त्यांनी नीट सांगितलं: मनानं बंद करायच्या नाहीत. आता बरी आहे, काही महिन्यांनी हळूहळू कमी करून बघू. मामांना हे कोण सांगणार? रेकॉर्डिंग काढून टाकायला ग्रुपांवर लिहिलं. पुढं गेलेलं परत येत नाही.

३० जाने.
विहाराचे सेक्रेटरी म्हणाले, रविवारी पुन्हा या. ज्योतीला फोन. "मी येते. पन तुमी काय बोलणार ते आधी मला वाचून दावा." वाचलं. पहिल्याच वाक्याला थांबवलं. "'रुग्ण' कोण? मी का?" खोडलं. मग बरंच खोडलं. शेवटी पाऊण पान उरलं, आणि "चूक माझी" एवढं तिनं राहू दिलं.

२ फेब्रु., रवि.
विहार भरलेला. मुलाचे मामा दाराशी बसलेले, कुणी बोलावलं माहीत नाही. मी म्हणाले, मागच्या वेळी चुकले. लाज वाटू नये एवढंच त्या उदाहरणात खरं होतं. हा आजार सगळ्यांना जन्मभर राहत नाही. घराण्यात असला तरी लेकरांना होईलच असं नाही. ज्योतीचं नाव घेतलं नाही, तसं ठरलं होतं.
एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "मंग कशावानी हाय हे?"
सांगितलं, मला नेमकं सांगता येत नाही. कुजबुज सुरू झाली.
ज्योती उठली. ठरलेलं नव्हतं. "आबा गेल्यावर मला सा म्हैने भूक लागत नव्हती. निस्ती पडून राहायची. आता भूक लागती, शिवणकाम करती. गोळ्या चालू हायेत. एवढंच हाय."
बसली. या वेळी टाळ्या नाहीत. मी हात मांडीवर दाबून धरले होते.
मामा उठून बाहेर गेले. फोन आला म्हणून, की निघालेच, बसल्या जागेवरून दिसलं नाही. ज्योतीनं मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र दाराकडंच बघत होते.