बोटीची विचारपूस

रविवार, १० नोव्हेंबर

सुमितचा फोन. जेवलात का? जेवलो. तू? हो. थंडी? आहे. बरं. — संपलं! एवढ्यासाठी लंडनहून फोन. त्याची आई असती तर तासभर बोलली असती, आणि शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाली असती, घ्या, तुम्हीही बोला जरा. मग मी विचारायचो, जेवलास का? तेव्हा ते चालून जायचं. ती गेल्यापासून सगळं बोलणं माझ्या अंगावर आलंय आणि माझ्याकडे तेवढा एकच प्रश्न आहे.

आज मात्र फोन ठेवता ठेवता म्हणाला, "खोली सोडली पप्पा, आता बोटीवर राहतो." मी म्हटलं, बरं. काय म्हणाला ते फोन ठेवल्यावर डोक्यात शिरलं. बोटीवर?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नोकरी बदलली का? खलाशी झाला का? विमा कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा. उलट फोन करून विचारावं म्हणतो, पण हात पुढे होत नाही. तो ऑफिसात असेल, काय म्हणेल... असली कारणं. सख्ख्या मुलाला विचारायला बापाला कसली लाज? पण वाटते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

फोटो आला. हिरवी, लांबडी, अरुंद बोट. खाली लिहिलंय — भाडं परवडत नव्हतं, मित्राची बोट रिकामी होती, कॅनॉलवर पुष्कळ लोक असेच राहतात, काळजी नको.

शेजारच्या चांगदेवला दाखवला. चांगदेव रेल्वेतला रिटायर्ड ड्रायव्हर, मी रिटायर्ड गार्ड. सगळी नोकरी तो गाडीच्या तोंडाशी आणि मी शेपटाशी, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. आता रोज एकाच कट्ट्यावर बसतो आणि रोज भांडतो. फोटो बराच वेळ बघून म्हणाला, "कॅनॉलमधी ऱ्हातो व्हय? मग आवर्तन बंद झाल्यावर काय करतो?"

हसून हसून ठसका लागला मला. दौंडच्या माणसाला कॅनॉल म्हणजे एकच — पाणी सुटलं की उसाला, बंद झालं की खाली चिखल आणि त्यात म्हशी. चांगदेवला म्हटलं, अडाणी आहेस. घरी आल्यावर लक्षात आलं, तिकडं काय असतं ते मला तरी कुठं माहीत आहे!

सोमवार, १८ नोव्हेंबर

वाचनालयात गेलो. कित्येक वर्षांनी. टेबलाशी दीक्षा म्हणून मुलगी असते. म्हटलं, पाण्यावर राहणाऱ्या माणसांचं पुस्तक पाहिजे. तिनं मत्स्यपालनाचं आणून दिलं! मग नीट सांगितलं तेव्हा काश्मीरचं एक प्रवासवर्णन मिळालं आणि एक केरळचं. काश्मीरच्या हाउसबोटीत गालिचे आणि अक्रोडाचं नक्षीकाम, केरळातल्या बोटीत तळलेले मासे. पण ही सगळी पाहुणी माणसं. दोन दिवस राहतात, फोटो काढतात, घरी जातात. घरी न जाणाऱ्यांचं पाहिजे, असं दीक्षाला सांगितलं. "बघते काका" म्हणाली.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज नवा प्रश्न तयार ठेवला होता. विचारलं — तुझा तो कॅनॉल मध्येच कोरडा पडतो का रे?

सुमित हसला! मोठ्यानं. त्याच्या आईच्या तेराव्यापासून — आमच्यात तेरावं नसतं, पण लोक येतात-जातात त्या दिवसांपासून — तो माझ्याशी बोलताना हसलेला मला आठवत नाही. मग सांगत बसला. बारा महिने पाणी असतं, मध्ये दारं असतात, बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरलं की बोट वर चढते. मी म्हटलं, म्हणजे गाडी स्टेशनाबाहेर होम सिग्नलला थांबल्यासारखंच की. म्हणाला, अगदी तसंच पप्पा. फोन ठेवला तेव्हा हातातला चहा गार झाला होता.

मंगळवार, ३ डिसेंबर

दीक्षा पुण्याला गेली होती, तिनं जुन्या बाजारातून माझ्यासाठी इंग्रजी पुस्तक शोधून आणलं. एक म्हातारी बाई एकटीच बोटीवर राहते, सोबत कुत्रा. इंग्रजी अवघड आहे. माझं इंग्रजी रेल्वेच्या नियमांचं — त्यात माणसं थांबतात, निघतात, जबाबदार धरली जातात. इथं बाई सकाळच्या धुक्याबद्दलच दोन पानं लिहिते. डिक्शनरी घेऊन बसलोय.

रविवार, ८ डिसेंबर

म्हातारीकडून कळलेलं — बोट एका जागी ठेवता येत नाही, ठरावीक दिवसांनी पुढं हलवावी लागते. पाणी नळावर जाऊन टाकीत भरायचं. संडासाचा डबा हातानं उचलून न्यायचा. आणि बंद खोलीत कोळशाचा स्टोव्ह! नळी तुंबली की विषारी वायू साठतो, झोपेतला माणूस उठत नाही. हे वाचलं आणि तसाच सुमितला मेसेज केला. संध्याकाळी फोनवर पुन्हा विचारलं. "साफ केली पप्पा. अलार्म पण लावलाय."

पोरगा शहाणा आहे. खोकत होता जरा. आल्याचा काढा घे म्हटलं.

शनिवार, २१ डिसेंबर

वडगाव रासाईला आक्काकडं. सोजरबाई माझी थोरली बहीण, त्यामुळे माझ्या घरातले निर्णय ती घेते. सुमितसाठी कवठ्याची एक मुलगी बघून ठेवली होती. बोटीचं सांगितल्यावर हातातलं सूप खाली ठेवलं. "नावंत ऱ्हातो? आन् हे तू मला आता सांगतोस? आरं, घराला उंबरा न्हाई, तिथं पोरगी कोण दील?"

मी चिडलो. म्हटलं, आक्का, तुला काय माहिती, तिकडं शिकलेली, पेन्शनीतली माणसं अशी राहतात. स्टोव्ह असतो, कपाटं असतात, पुस्तकं असतात. बोलता बोलता मलाच नवल वाटलं. पहिल्या दिवशी मीही मनात उंबराच शोधत होतो की.

दुपारी नदीवर गेलो. भीमा दिसतच नाही, सगळी जलपर्णी. कडेला एक मासे धरणारा होडी बांधत होता. म्हटलं, जरा बसव. बसलो. होडी एवढी हलली की मी दोन्ही हातांनी काठ धरला, आणि ती अजून दोरीला बांधलेलीच होती! त्याला विचारलं, रात्री कधी हिच्यातच झोपता का? तो म्हणाला, "घर असताना?"

बुधवार, १ जानेवारी

कोरेगावला जाऊन आलो. गर्दीत पाय दुखले. सगळ्यांबरोबर पोरंबाळं होती.

रविवार, १२ जानेवारी

म्हातारीच्या पुस्तकात कॅनॉल गोठलाय. सुमितला विचारलं, तुझ्याकडं बर्फ झाला का? जरा थांबला. मग म्हणाला, हो, झाला. बर्फातून बोट न्यायची नाही, रंग खरवडून निघतो. सकाळी बर्फ तडकल्याचा आवाज येतो. म्हातारी अक्षर न् अक्षर हेच लिहिते! किती आनंद झाला मला. शिवाय बदकांचं सांगितलं, बर्फावर पाय घसरतात त्यांचे. मी बदकांबद्दल विचारलंसुद्धा नव्हतं.

गुरुवार, ३० जानेवारी

पुस्तक संपलं. कुत्रा मरतो. म्हातारी त्याला काठावर पुरते आणि नियमाप्रमाणे बोट पुढं नेते, म्हणजे त्याच्याजवळ थांबताही येत नाही तिला. मी रडलो. घरात कोणी नाही, त्यामुळे बरं.

मालगाडीचा गार्ड म्हणजे मागच्या डब्यात एकटा. लाकडी बाक, कंदील, आपला डबा, आणि कुठल्या तरी आडरानात सिग्नलसाठी तासन् तास उभी गाडी. तेव्हा एकटं वाटायचं नाही. घरी कोणीतरी आहे हे माहीत असायचं. आता चांगल्या पक्क्या घरात राहतो, पंखा आहे, टीव्ही आहे, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत येताना जीव नको होतो.

पुस्तक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय.

शुक्रवार, १४ मार्च

बोटीची रुंदी जेमतेम सात फूट असते. म्हणजे किती, ते कळावं म्हणून हॉलमध्ये खडूनं आखली. इथं पलंग, इथं स्टोव्ह, इथं पायऱ्या. टीपॉय बाहेर काढावा लागला. दुपारी त्या रेघांच्या आत सतरंजी टाकून पडलो. कुशीवर वळला की सुमितचा हात भिंतीला लागत असणार!

चांगदेव आला. म्हणाला, "काय गार्डसाहेब, हद्द कायम करताय का?" त्याला सगळं समजावलं. ऐकून घेतलं आणि चप्पल काढून रेघांच्या आत येऊन बसला. चहा आम्ही बोटीतच घेतला. जाताना म्हणाला, "पोराकडं जाऊन का येत न्हाई तुमी? हितं खडू कशाला उगाळत बसलाय?"

रविवार, १६ मार्च

चांगदेवचं बोलणं डोक्यातून जात नाही. जायचं! फरशी पुसली नाही अजून.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत दीक्षा दिसली, आईवडिलांबरोबर. "काका, पासपोर्ट आला का?" सगळ्यांसमोर विचारलं. फॉर्म तिनंच भरून दिला होता. ताठ झालो.

शनिवार, २६ एप्रिल

पासपोर्ट आला! फोटोत गुन्हेगार दिसतो. सुमितला अजून काही सांगितलेलं नाही. उद्या सांगणार. चांगदेव म्हणतो, न सांगता जा. त्याला काय, तो सिग्नल न बघता गाडी हाणणारा. बोट आज या काठाला, उद्या त्या काठाला, पत्ता सांगणार काय टॅक्सीवाल्याला?

रविवार, २७ एप्रिल

सांगितलं. जूनमध्ये येतो म्हटलं. हॉटेल नको, काही नको, बोटीवरच राहीन, दारं उघडायला तुला माणूस होईल, पाणी भरीन, डबा मी नेऊन ओतीन, मला कशाची किळस नाही.

मग म्हणाला, बघू पप्पा. आणि ऑफिसचं काहीतरी काम सांगून फोन ठेवला.

बघू.

रविवार, ४ मे

फोन नाही. मेसेज — कामात आहे, पुढच्या आठवड्यात बोलू.

गुरुवार, ८ मे

सात फुटांत दोन माणसं कशी मावणार? हे त्यानं सांगायला नको, मलाच कळायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं, प्रत्येक वेळी बोट हलणार, त्याची झोपमोड. शिवाय कोणी असेलही त्याच्याबरोबर, आपल्याला काय ठाऊक. आक्काला विचारावंसं वाटलं, पण ती म्हणेल, मी सांगत हुते.

चांगदेव रोज विचारतो, तिकीट काढलं का. पावसाळ्यानंतर बघू म्हणालो. तो बिडी ओढत बसला.

रविवार, ११ मे

फोन नाही.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली थोडी. खाल्ली नाही. फरशी पुसून काढली. खडू सहज निघत नाही, पाणी टाकून ब्रशनं घासावं लागलं. वाचनालयाची पुस्तकंही परत केली. दीक्षा नवीन एक दाखवत होती, हॉलंडमधल्या बोटींचं, फोटो चांगले आहेत म्हणाली. नको म्हटलं. आता मी सुमितला काही विचारणार नाही. त्याला त्याच्या मनानं राहू दे.

रविवार, १८ मे

फोन आला. बोट नाहीच. डिसेंबरातच सोडली. छाती भरली होती, डॉक्टरनं तिथं राहू नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतोय.

मी म्हटलं, मग बर्फ? बदकं?

"यूट्यूबवर बघून सांगायचो. तुम्ही काय काय विचाराल, ते शनिवारीच बघून ठेवायचो. बोट सोडली म्हटलं असतं, तर आपण बोललो कशावर असतो, पप्पा?"

मग मीच विचारलं, खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते रे?