पांढऱ्या गाडीखाली

१३ एप्रिल, रविवार
बीपी १४६/८८.
आधी वहीची माफी मागतो. होळीनंतर आज उघडली. डॉक्टरांनी रोजचं बीपी लिहायला सांगितलं म्हणून ही वही घेतली, पण हिच्यात बीपी कमी आणि माझी काळजीच जास्त. यापुढे रोज लिहीन असं म्हणत नाही. मागच्या वेळी म्हणालो होतो.

गाडी घ्यायची ठरली. मनीषानं काल जेवताना विषय काढला. ती सून, पण रोपवाटिका तिची, त्यामुळे शब्दही तिचाच. मे-जूनमध्ये टोमॅटोच्या रोपांना मागणी. गेल्या साली नेमका तेव्हाच भाड्याचा टेम्पो आला नाही, तयार रोपं ट्रेमध्येच माना टाकून बसली. म्हणाली, "नाना, एकच गाडी, पण तीन कामं. आत कॅरेट बसले पाहिजेत, मागं तुमची ट्रॉली ओढली पाहिजे, आणि आईंना दवाखान्यात नेता आलं पाहिजे."

नवीन परवडत नाही. वापरलेलीच बघायची.

ट्रॉली मी हिवाळ्यात स्वतः बांधली. दोन चाकं, रोपांसाठी चार मजली रॅक. रिकामी असली तरी दोन माणसांना हलत नाही. गाडी चालवणार म. (पुढे नुसतं म. लिहितो, बोटं दुखतात). मोहदरी घाटाचा उतार, मागे भरलेली ट्रॉली आणि स्टिअरिंगवर ती. हे चित्र डोक्यातून जात नाही.

१४ एप्रिल, सोमवार
संदीपचा पुण्याहून फोन. "मोबाइलवर बघा ना नाना, हजार गाड्या आहेत." हजार आहेत म्हणूनच तर भीती वाटते. पोरगा नोकरीत, त्याला काय.

दत्तूला फोन केला. तो म्हणाला, "वामन्या, गाडी घ्यायची आणि मला विचारायचं नाही?"
अरे, विचारायलाच फोन केला होता.

जीव जरा भांड्यात पडला. सिन्नरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी वेल्डिंग केलं आणि दत्तूनं माझ्या वेल्डिंगवर रंग मारला. डबा एकच. मी निवृत्त होऊन सायखेड्याला आलो, त्यानं नाशकात शेड टाकली. जुन्या गाड्या घेतो, रंगवतो, विकतो. त्याच्यासारखा माणूस असताना मोबाइल कशाला.

१७ एप्रिल, गुरुवार
नाशिक. सगळे गेलो. दोन गाड्या पाहिल्या.

पहिली चंदेरी, पेट्रोलची, वर गॅस बसवलेला. मागे सिलिंडर आडवा पडलेला. कॅरेट ठेवायचे कुठे? दत्तू म्हणाला, "रोज फिरायला झकास." सौ. म्हणाली, "फिरायला कोण चाललंय इथं?"

दुसरी चॉकलेटी, उंच, छताला काच. मागे तिघं बसलो तर गाडीनं बूड टेकवलं. म. म्हणाली, "हिला ट्रॉली जोडली तर पुढची चाकं सलाम करतील." वजन पेलणारे लोखंडी पट्ट्यांचे पाटे नाहीत, नुसत्या मऊ स्प्रिंगा.

मी रुमाल काढला. रुमालात जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक. पत्र्यावरून फिरवायचं, रंगाखाली पुट्टी भरली असेल तिथं धरत नाही. चॉकलेटीच्या डाव्या दारावर रुमाल खाली पडला. दत्तू हसायला लागला. "मीच शिकवलं आणि माझ्याच गाड्या नापास करतोस व्हय रे?"

खरं आहे, ही युक्ती त्याचीच.

२५ एप्रिल, शुक्रवार
तिसरी. पांढरी. डिझेल. मागे पाटे, खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी कणा. अशाच गाडीला ट्रॉली जोडावी. एका डॉक्टरांची, कमी चाललेली, असं दत्तू म्हणाला.

म. नं घरून एक रिकामा कॅरेट आणला होता. मागची बाकं दुमडून तोच इकडून तिकडे सरकवत मोजलं. अठरा बसतात. सौ. म्हणाली, "आणि मी चढायचं कसं? दोर सोडणार का?" पायरी करून देतो म्हटलं.

लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. मग मी खाली जायला निघालो. फेब्रुवारीत डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाकायला अजून मनाई. दत्तूनं खांदा धरला. "तू कशाला वाकतोस? मी बघतो." पोतं अंथरून गाडीखाली सरकला. बराच वेळ खाली होता. आमचं वय झालं, उठायला वेळ लागतो.

बाहेर आल्यावर आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, "स्वच्छ आहे. घे डोळे झाकून."

दलाली विचारली तर चिडला. "तुझ्याकडून घेऊ? अक्षय्य तृतीयेला पुरणपोळी घाल, झालं."

२७ एप्रिल, रविवार
बीपी १५२/९०.
म. म्हणाली, "नाना, सिन्नरला माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. एकदा रॅम्पवर चढवून घेऊ का? अर्धा तास लागेल."

मी ओरडलो. नको तेवढा ओरडलो. "एकतीस वर्षं एका डब्यात जेवलोय आम्ही. तुझा मेकॅनिक कालचा."

"बरं नाना," एवढंच म्हणाली.

आज भाजीत मीठ नव्हतं. तशीच खाल्ली.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया
गाडी दारात आली. नारळ फोडला, सौ.नं ओवाळलं. दत्तू जेवायला होता. चार पोळ्या, तीन वाट्या आमरस. सौ.ला म्हणाला, "वहिनी, गाडी विकली ती तुमच्या हातच्या जेवणासाठी."

जाताना ट्रॉलीपाशी थांबला. "ही कधी जोडणार?"
म्हटलं, हूक मीच बसवतो या आठवड्यात.
"तू कशाला खाली घुसतोस? शेडवर आण, माझा माणूस बसवून देईल."
माझी ट्रॉली, माझा हूक. दुसऱ्याचा माणूस कशाला? तो म्हणाला, "मग घाई तरी करू नको." माझ्या डोळ्याची काळजी.

३ मे, शनिवार
सौ.ला नाशकाला नेलं, गुडघ्यांसाठी. म. चालवत होती. चालवते छान. सौ. पुढे बसली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडे आपलीच गाडी असल्यासारखी बघत होती. आपलीच आहे म्हणा.

गतिरोधकावर मागून बारीक आवाज येतो. कुंई. सौ.च म्हणाली, "तुमची गाडी कण्हतेय. माझ्यासारखंच गुडघ्यात काहीतरी असणार." हसलो सगळे. पाटे जुने आहेत, ग्रीस करायचं. मी हे लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

५ मे, सोमवार
नीट लिहितो.

सकाळी गाडी मळ्यातल्या चारीवर उभी केली. पाटाचं पाणी येतं ती ही चारी, सध्या कोरडी आहे. चाकं दोन काठांवर, मी मध्ये चारीत बसलो. म्हणजे वाकावं लागत नाही. हुकाची जागा साफ करायला तारेचा ब्रश घेतला. खालून डांबरासारखा काळा थर मारलेला. घासता घासता वीतभर पुढे गेलो तर आतून पट्टी निघाली. चासीला बाहेरून जोडलेली, हातभर लांब.

कोपऱ्यात तीन ठिपके. पंचने मारलेले, चुलीच्या तीन दगडांसारखे.

ते माझे ठिपके आहेत. कारखान्यात उस्तादानं लावलेली सवय, ज्याचं काम त्याची खूण. माझी खूण तीन ठिपके. दुसऱ्या कोणाची नव्हती.

हात फिरवला. वेल्डिंगची रेघ कुठे थांबली, कुठे रॉड बदलला, हाताला सगळं आठवलं. करोनाच्या आदल्या वर्षी दत्तूनं शेडवर बोलावलं होतं. अपघाताची गाडी, पत्रा चेपलेला, रंग दुसराच, चासी तुटलेली. म्हणाला होता, "भंगारात चाललीय. मालेगावपर्यंत आपल्या चाकांवर जाईल एवढं कर." अर्ध्या दिवसाचं काम. मागे ट्रॉली जुंपायच्या कामाचं नव्हेच ते. मी निघालो तेव्हा दत्तू पट्टीवर काळा रंग मारत होता. "तू जोड, मी झाकतो." कारखान्यापासूनचं आमचं हसण्यावारी बोलणं.

पट्टीच्या कडेला चीर आहे. केसाएवढी. तिच्यातून गंज ओघळलाय. कुंई तिथलीच.

वरून म. विचारत होती, "नाना, बसला का हूक?"

६ मे, मंगळवार
बीपी १६८/९८.
म.ला सांगितलं. ती स्वतः चारीत उतरली, बोटानं ठिपके मोजले. 'मी म्हणाले होते' असं म्हणेल वाटलं. म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिनं एवढंच विचारलं, "नाना, तेव्हा ही भंगारात गेली का, ते तुम्ही नंतर विचारलं नाही?"
"नाही."
"मग एवढी वर्षं हिच्यात कोण कोण बसलं असेल?"

मेकॅनिकवरून ओरडलो त्याबद्दल तिला काहीतरी बोलायचं होतं. "मनीषा, परवा मी..." इथपर्यंत आलं. ती म्हणाली, "चहा ठेवते."

दत्तू फोन उचलत नाही. अकरा वेळा केला.

८ मे, गुरुवार
एकटाच नाशकाला गेलो, एसटीनं. शेडला कुलूप. त्याच्या घरी गेलो. शकुंतलावहिनी दारात. "भाऊजी, ते नगरला गेलेत, लेकीकडं. परवा येतील, नाहीतर तेरवा."

टीव्हीवर दत्तूचा चष्मा होता. चष्म्याशिवाय तो नगरला काय, गल्लीतल्या नळापर्यंत जात नाही. मी चष्म्याकडे पाहिलं, वहिनींनीही पाहिलं. म्हणाल्या, "चहा टाकते."

नको म्हटलं. त्या घरात चहाला मी पहिल्यांदा नाही म्हणालो. वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं की मला तसं वाटलं, कोण जाणे. ऑपरेशनपासून मला सगळ्यांचेच डोळे ओले दिसतात.

परत येताना बसमध्ये हिशेब जुळवत बसलो. तू कशाला वाकतोस. शेडवर आण. घाई करू नको. दलाली घेतली नाही ते का? प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंनी लागतो. मित्राचा म्हणून लागतो, आणि दुसऱ्या बाजूनंही लागतो.

म.नं टेम्पोवाल्याला फोन करून ठेवला, हे सौ.कडून कळलं. तो म्हणाला, बघू.

११ मे, रविवार
लासलगावचे एक गृहस्थ आले. रस्त्यानं जाताना मळ्यातली गाडी पाहिली म्हणे. मार्केटात कांद्याचं काम. "नाना, विकायची का? मला ट्रॉली ओढाया अशीच पायजे."

म. रोपांना पाणी मारत होती. तिनं नळी खाली ठेवली, पण इकडे बघितलं नाही. माझ्या तोंडून काय निघतं ते ऐकत होती.

मी म्हटलं, "आधी खाली उतरून बघा." त्यांना चारीत उतरवलं, पट्टी दाखवली, चीर दाखवली. त्यांनी हात फिरवला.

"वेल्डिंग लय मजबूत हाय की! असं काम आता कोन करतं? कोनी केलंय?"

म. माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हटलं, "मी."

ते हसले. त्यांना वाटलं, मी माल खपवायला सांगतोय. "मंग तर काळजीच नाय. चिरीला अजून एक रॉड मारा, वरून काळा रंग द्या, अन् चार पैसे कमी करा. उद्या नेतो."

म्हटलं, नाही. ट्रॉली ओढायला ही द्यायची नाही. "मंग ठिवता कशाला? पुजाया?" असं म्हणून गेले.

म. नळी उचलून परत पाणी मारायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाना, उन्हात बसू नका." ६ तारखेनंतर आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

१२ मे, सोमवार
बीपी घेतलं नाही.

दत्तूला पत्र लिहिलं. फोन तो उचलणार नाही, पत्र वहिनी तरी त्याच्या हातात देतील. नक्कल राहावी म्हणून इथे उतरवून ठेवतो.

"दत्तू, गाडी परत घे असं आज लिहीत नाही, ते नंतर बोलू. गाडी भंगारात गेली का, हे मीही तेव्हा विचारलं नव्हतं, ते कबूल. मनीषानं मला विचारलं, तसं मी आता तुला विचारतो. पोतं टाकून तू एवढा वेळ खाली होतास. तुला पट्टीवरचे माझे तीन ठिपके दिसले का? रंगाखाली होते, दिसले नसतील. नसतील तर नाही म्हण, मी मानतो. दिसले असतील तर तसं सांग, तेही ऐकून घेतो. पण काहीतरी बोल. फोन नको असेल तर कार्ड टाक, वहिनींकडून निरोप धाड. रोपं वीस दिवसांत निघतील, पण मी त्यासाठी विचारत नाही. गाडी अजून चारीवरच उभी आहे, पट्टीवर रंग दिलेला नाही. शनिवारी पाटाला पाणी सुटायचं आहे, तोवर चारी कोरडी आहे, खाली बसून दोघांना बघता येईल. वाकावं लागत नाही. लवकर कळव."